मनगटाच्या ऑपरेशननंतर बीएफआर: दाब मोजूनच द्या

जानेवारीत नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये काम करणारे एक काका माझ्याकडे आले. मोटरसायकल घसरून उजवं मनगट मोडलं होतं, प्लेट बसवून सात आठवडे झाले होते. शर्टाची बाही वर केली तेव्हा दंडावर निळसर, बोटभर रुंदीचा वळ दिसला. मोबाईलवर व्हिडिओ पाहून त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली होती. ती दंडाला गच्च आवळून ते रोज चेंडू दाबत होते. "मॅडम, हाड जुळलं म्हणते डॉक्टर, मग मूठ काऊन वळत नाही? म्हणून म्हटलं, हे करून पाहू." दोन दिवसांपासून करंगळी बधिर होती.

पद्धत त्यांनी बरोबर निवडली होती, दाब मात्र अंदाजाने दिला होता. करंगळी आठवडाभरात सुधारली. दंडातली नस (नर्व्ह, म्हणजे संवेदना नेणारी) जास्त दबली असती तर मनगटाऐवजी नसेचा इलाज करत बसावं लागलं असतं. या लेखात मी बीएफआर, म्हणजे ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन (दंडाला पट्टा बांधून, रक्तप्रवाह थोडा अडवून करायचा हलका व्यायाम), मनगटाच्या ऑपरेशननंतर कधी, कुणी आणि कसं करायचं ते सांगते आहे. लेख रुग्णांसाठी आहे, आणि क्लिनिकमध्ये हे नव्याने सुरू करणाऱ्या तरुण फिजिओंसाठीही.

पट्टा बांधून नेमकं काय होतं

स्नायू वाढवायचा तर नेहमीचा नियम असा की, एका वेळी जास्तीत जास्त जेवढं वजन उचलता येतं त्याच्या साधारण ७० टक्के वजनाने व्यायाम करायचा. नुकत्याच जुळत असलेल्या हाडावर एवढा भार टाकता येत नाही. मूठ आवळताना आपण जेवढं बळ लावतो, त्याच्या दुपटीहून जास्त भार मनगटाच्या अंगठ्याकडच्या रेडियस हाडावर येतो. त्यामुळे हाडासाठी थांबावं तर स्नायू सुकतो, आणि स्नायूसाठी घाई करावी तर हाडाला धोका. बीएफआर या पेचातून वाट काढतं.

दंडाच्या वरच्या भागात हवेचा पट्टा बांधून ठराविक दाब दिला, की हातात येणारं रक्त थोडं कमी होतं आणि परत जाणारं रक्त बरंच अडतं. हलकं वजन उचलतानाही स्नायूला ऑक्सिजन कमी पडतो, लॅक्टेट साठतं, स्नायूच्या पेशी फुगतात. एरवी जड वजनालाच कामाला लागणारे मोठे, ताकदीचे तंतू अशा वेळी २०-३० टक्के वजनावरही जागे होतात. स्नायूला जड काम केल्याचा निरोप पोहोचतो, हाडावर मात्र भार हलकाच राहतो.

ही कल्पना जपानच्या योशिआकी सातो यांची. १९६६ मध्ये एका बौद्ध विधीत बराच वेळ गुडघ्यांवर बसल्यावर त्यांच्या पोटऱ्या भरून आल्या, आणि जड व्यायामानंतर येते तीच जाणीव त्यांना झाली. त्यातून पुढे 'काआत्सू' ही पद्धत निघाली. आज गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती जास्त वापरली जाते. मनगटासाठी तिचा वापर तुलनेने नवा आहे. जे अभ्यास झाले आहेत ते मोजक्या रुग्णांवरचे आहेत, त्यामुळे बीएफआरने हाड लवकर जुळतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आशा आहे ती कमी दुखण्याची, आणि मुठीची ताकद लवकर परत येण्याची. तेवढंही पुष्कळ आहे.

विदर्भात आधी हा प्रश्न विचारा

इथे मी थोडी थांबणार आहे, कारण बाहेरच्या देशांत लिहिलेल्या माहितीत हा मुद्दा एका ओळीत संपतो आणि आपल्याकडे तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. सिकलसेल. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक दोन्ही मोठ्या संख्येने आहेत. या आजारात ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या अडवतात. आपण पट्टा बांधून नेमका ऑक्सिजनच कमी करत असतो.

म्हणून माझ्याकडे नियम आहे: सिकलसेलचा अहवाल पाहिल्याशिवाय पट्टा बांधायचा नाही. कुणाचं चेहऱ्यावरून, आडनावावरून, गावावरून ठरवायचं नाही, सगळ्यांना विचारायचं. साधी सोल्युबिलिटी चाचणी आधी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ताच्या चाचण्यांनी पक्कं होतं. शासकीय रुग्णालयांत ही तपासणी होते. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू असल्याने अनेकांकडे तपासणीचं कार्डही असतं, ते सोबत आणा. आजार असेल तर बीएफआर नाही, विषय संपला. नुसते वाहक असाल तरी रक्तविकार तज्ज्ञांच्या होकाराशिवाय मी करत नाही. मनगट साध्या व्यायामानेही सुधारतं, थोडं हळू, पण सुधारतं.

आणखी कुणी करू नये? पूर्वी रक्ताची गाठ झालेल्यांनी. त्या हाताला डायलिसिसचा फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेल्यांनी. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढलेल्या बायकांनी. गरोदर असताना, जखम उघडी किंवा पू येत असताना, हातात सूज ताणलेली असताना नको. मनगटातून तारा बाहेर आलेल्या असतील किंवा बाहेरून फ्रेम लावलेली असेल तर ती निघेपर्यंत थांबा. बीपी १४०/९० च्या वर असेल तर मी आधी फिजिशियनकडे पाठवते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री मुंग्यांनी भरून जात असेल तर मनगटातली मीडियन नस दबलेली असू शकते. हे सर्जनला लगेच सांगा, पट्ट्याचं नंतर पाहू.

हात आग आग करतो, कातडी चकचकीत झाली आहे, रंग बदलतो, घाम येतो, साधी चादर लागली तरी सहन होत नाही, अशी लक्षणं असतील तर तो सीआरपीएस नावाचा वेगळाच त्रास असू शकतो. त्यात आवळणारी कुठलीही गोष्ट मी टाळते.

आठवड्यांचा हिशेब

मनगटाच्या पुढच्या बाजूने चीर देऊन बसवलेली लॉकिंग प्लेट धरून मी लिहिते आहे, कारण आता बहुतेकांना तीच असते. तुमच्या हाडाचे किती तुकडे झाले होते, सांध्यात भेग गेली होती का, हे सर्जनने आतून पाहिलं आहे. म्हणून त्यांचा शब्द माझ्या आठवड्यांपेक्षा मोठा.

पहिले दोन आठवडे बीएफआरचा विचारही नको. या काळात हात हृदयाच्या वर ठेवणं आणि बोटं हलवणं एवढंच काम, पण ते मनापासून. दर तासाला पाची बोटं पूर्ण मिटून पूर्ण उघडायची, कोपर आणि खांदा फिरवायचा. मनगट नीट जुळूनही बोटं ताठ राहिलेले रुग्ण मी दर महिन्याला पाहते, आणि प्रत्येक वेळी वाटतं, हे टाळता आलं असतं. गळपट्ट्यात हात अडकवून दिवसभर बसू नका. अंगठा अचानक उचलता येईनासा झाला तर अंगठा उचलणारा स्नायूबंध (टेंडन) तुटला असण्याची शक्यता आहे. दुखत नसलं तरी त्याच दिवशी सर्जनला दाखवा.

टाके साधारण १० ते १४ दिवसांत निघतात. जखम पूर्ण भरली, खपली गेली, सूज उतरू लागली, की सर्जनच्या लेखी परवानगीने बिनवजनाचं बीएफआर सुरू करता येतं. पट्टा बांधून नुसती मूठ मिटायची, मऊ स्पंज हलकेच दाबायचा, मनगट वर-खाली करायचं. वजन मात्र सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेनंतर, हाड जुळत असल्याचं दिसल्यावरच. आमचे काका नेमके इथेच होते, एक्स-रे चांगला होता, म्हणून त्यांच्याबरोबर आम्ही वजनापासून सुरुवात करू शकलो.

दाब कसा मोजायचा

पूर्ण लेखातला हा भाग दोनदा वाचा.

प्रत्येकाच्या दंडातला रक्तप्रवाह पूर्ण बंद व्हायला वेगवेगळा दाब लागतो. दंड जाड असेल तर जास्त, पट्टा रुंद असेल तर कमी, बीपी जास्त असेल तर जास्त. म्हणून 'शंभरावर ठेवा' असा एकच आकडा सगळ्यांना देणं चूक आहे. एकाच दाबात सडपातळ आजीचा हात पूर्ण बंद पडेल आणि पहिलवानाला काहीच जाणवणार नाही.

मोजण्याची रीत अशी. रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवा, ज्या स्थितीत व्यायाम करायचा त्याच स्थितीत. दंडावर मऊ सुती कापडाची बाही चढवून तिच्यावर पट्टा बांधा, काखेच्या जितकं जवळ जमेल तितका. कोपराजवळ किंवा कोपराखाली बांधू नका, तिथे नस हाडाला चिकटून जाते. मग हाताने धरायचं डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र, जेल लावून, नाडीवर ठेवा. ऑपरेशनचा व्रण अंगठ्याकडच्या नाडीजवळच असतो, तिथे प्रोब दाबला तर दुखतं आणि आवाजही नीट मिळत नाही. म्हणून करंगळीकडची अल्नर नाडी शोधा, नाहीतर कोपराच्या खळगीतली. फुस-फुस आवाज स्पष्ट आला की पट्ट्यात हळूहळू हवा भरा. आवाज ज्या आकड्याला थांबला, तो तुमचा पूर्ण-बंद दाब.

हातासाठी या आकड्याच्या ४० ते ५० टक्के दाब वापरायचा. काकांचा आकडा आला १४०. म्हणजे सुरुवात ५६ मिलिमीटर पाऱ्यावर, जास्तीत जास्त ७०. सायकलच्या ट्यूबने ते किती देत होते कोण जाणे, पण वळ पाहून तो पूर्ण-बंदच्या जवळ असावा असं मला वाटतं. ५६ चा पट्टा बांधल्यावर ते म्हणाले, "एवढाच? हे तं काहीच नाही." बरोबर दाबाची हीच खूण आहे. आधी सैल वाटतो, तिसाव्या फेरीला हात भरून येतो.

हा आकडा मी दर आठवड्याला पुन्हा मोजते, कारण सूज उतरते, स्नायू भरतो, बीपी बदलतं. घरचं डिजिटल बीपी मशीन यासाठी चालत नाही, ते दाब धरून ठेवत नाही, लगेच सोडतं. इलॅस्टिक पट्टी, दुपट्टा, ट्यूब, रबरी पाइप यांचा दाब मोजताच येत नाही. तुमच्या जवळच्या क्लिनिकमध्ये डॉप्लर किंवा स्वतः दाब मोजणारं मशीन नसेल तर बीएफआर नका करू. धंतोली-रामदासपेठेत फिजिओ पुष्कळ आहेत. फोन करून एकच प्रश्न विचारा: "दाब कसा मोजता?" उत्तर टाळाटाळीचं आलं तर दुसरीकडे जा.

एक सत्र, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आधी बीपी. मग पाच मिनिटं बोटं आणि मनगट गरम पाण्यात किंवा नुसतं फिरवून सैल करायचं. मग पट्टा आणि मोजलेला दाब.

फेऱ्यांचं ठरलेलं गणित आहे: पहिल्यांदा ३०, मग १५, १५, १५. एकूण ७५. मध्ये प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबायचं, पण पट्टा सोडायचा नाही. वर न्यायला दोन सेकंद, खाली आणायला दोन सेकंद, मोठ्याने मोजत. असा एक व्यायाम साडेसहा मिनिटांत होतो. मग पट्टा पूर्ण सोडायचा, दोन मिनिटं हात मोकळा, आणि मग दुसरा व्यायाम. एका सत्रात मी दोनच करते. आठवड्यात दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. रोज करून लवकर होत नाही, हात फक्त थकतो.

वजनासाठी घरातली अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली सगळ्यात चांगली. २०० मिलिलिटर पाणी म्हणजे २०० ग्रॅम, आणि ते हवं तसं वाढवता येतं. हात टेबलावर, मनगट टेबलाच्या कडेच्या बाहेर, तळहात वर: मनगट वर उचला. दुसऱ्या दिवशी तळहात खाली ठेवून तेच. हात फिरवण्यासाठी लाटणं एका टोकाशी धरा आणि घड्याळाच्या काट्यासारखं उजवीकडे-डावीकडे सावकाश झुकवा. लाटणं जड वाटलं तर मधे धरा, हलकं वाटलं तर टोकाकडे सरका. आमच्या एका आजींना हा व्यायाम फार आवडला, कारण ते हातात आलं की स्वयंपाकघराची आठवण येते म्हणायच्या.

ज्या हाताला ऑपरेशन झालं त्याची कमाल ताकद तपासायची नसते. चांगल्या हाताने तो व्यायाम एकदा जास्तीत जास्त किती वजनाने जमतो ते पाहा आणि त्याच्या २० टक्क्यांपेक्षा खालून सुरुवात करा. चांगला हात ४ किलो उचलत असेल तर दुखऱ्याला ८०० ग्रॅम ही वरची हद्द धरा, सुरुवात २०० ग्रॅमपासून. ७५ फेऱ्या शेवटपर्यंत सहज झाल्या तर पुढच्या वेळी १०० मिलिलिटर पाणी वाढवा. शेवटच्या फेऱ्यांना श्रम दहापैकी सात-आठ वाटायला हवेत. साठाव्या फेरीला हात थांबला तर थांबू द्या, दाब किंवा वजन थोडं कमी करून पुढच्या वेळी पुन्हा करा.

पट्टा बांधलेला असताना हाताचा रंग थोडा लालसर-जांभळट होणं, भरून येणं, जळजळणं हे अपेक्षित आहे. मधल्या विश्रांतीत नख दाबून सोडा, दोन-तीन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. हात पांढरा, थंड पडला, मुंग्या आल्या, बधिर वाटलं, किंवा मोडलेल्या जागी टोचल्यासारखं दुखलं तर त्याच क्षणी पट्टा सोडा. मोजायचं राहू द्या. स्नायूचं जळणं आणि हाडाचं दुखणं यातला फरक रुग्णाला पहिल्याच दिवशी कळतो, फक्त त्याने 'सहन करतो' म्हणू नये एवढंच मी सांगते.

घरी गेल्यावर दंडाला सूज, कडकपणा, वाढत जाणारं दुखणं, धाप लागणं यातलं काही झालं तर थेट इमर्जन्सीत. क्वचित स्नायूंचं प्रमाणाबाहेर नुकसान होऊन लघवीचा रंग काळ्या चहासारखा होतो, तेव्हाही तसंच, वाट पाहू नका.

उन्हाळ्याबद्दल थोडं. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ पर्यंत जातो. दुपारी स्कूटीवरून आलेल्या रुग्णाला मी लगेच पट्टा बांधत नाही. पंधरा मिनिटं पंख्याखाली, पाणी पिऊन, मग बीपी. शरीरात पाणी कमी असताना चक्कर येण्याची शक्यता वाढते. शक्य असेल तर सकाळी नऊच्या आतली वेळ घ्या. पट्ट्याखालची बाही रोज धुवा, घामोळ्यावर पट्टा बांधला तर कातडी सोलते.

प्रगती कशी कळणार

डोळ्याने कळत नाही, मोजावी लागते. मुठीची ताकद डायनॅमोमीटरवर, कोपर ९० अंशांत शरीराजवळ, तीनदा दाबून सरासरी. दर दोन आठवड्यांनी आणि दोन्ही हातांची. उजवा हात डावखुरे नसलेल्यांत साधारण दहा टक्के जास्त ताकदीचा असतो, तुलना करताना ते लक्षात ठेवा. मनगटाचं वळण गोनिओमीटरने: निरोगी मनगट पुढे ८०, मागे ७० अंशांच्या आसपास वळतं, पण घरातली बहुतेक कामं पुढे-मागे ४० अंशांत होऊन जातात. म्हणून ४०-४० आले की मी रुग्णाला सांगते, आता घाबरायचं कारण नाही.

आणि एक गोष्ट, थोडी विषयाबाहेरची. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं असेल आणि वय पन्नाशीपुढे असेल, विशेषतः बायकांचं, तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची चाचणी करून घ्या. पुढच्या वेळी मोडणारं हाड खुब्याचं असू शकतं.

बीएफआर किती दिवस? माझ्याकडे सहा ते आठ आठवडे. बाराव्या आठवड्याच्या सुमारास हाड पक्कं असेल आणि सर्जनने भार द्यायला हरकत नाही म्हटलं, की पट्टा उतरवून खरं वजन वाढवायचं: टॉवेल पिळणं, कणीक मळणं, पाण्याची बादली आधी चतुर्थांश भरून, मग अर्धी. पट्टा हा तिथपर्यंतचा पूल आहे, त्यावरच राहायचं नाही.

काकांना मृग बहाराची संत्री मार्केटला येण्याआधी कामावर जायचं होतं. पहिल्या मोजणीत उजव्या मुठीची ताकद डावीच्या एक तृतीयांशही नव्हती. फेब्रुवारीच्या शेवटी ती तीन चतुर्थांशाच्या जवळ आली, सर्जनने होकार दिला, आणि आम्ही ठरवलं: पहिला आठवडा रिकामं कॅरेट, दुसरा आठवडा अर्धं भरलेलं, दोन्ही हातांनी, कोपर शरीराजवळ ठेवून. दर शुक्रवारी ते फोन करून कुठपर्यंत भरलं ते सांगतात.